अतिसंवाहक स्फटिकावर लोहविद्युत् पटल

शिरोळकडच्या गुऱ्हाळावर काहिलीत उकळणारा उसाचा रस ज्याने पाहिला असेल त्याला मिश्रणाच्या बाष्पीभवनाचे वर्म सहज कळेल. आच लागली म्हणजे पाणी निघून जाते व साखर मागे उरते. अनेक धातूंच्या ऑक्साइडाचे पटल बाष्पीभवनाने वाढवू पाहणाऱ्या संशोधकापुढे हीच अडचण उभी राहते. शिसे चटकन उडते, झिर्कोनियम मागे रेंगाळते, आणि आधारावर जे साचते त्यात मूळ पदार्थाचे प्रमाण राहत नाही.

स्पंदित लेसरने ही अडचण बऱ्याच अंशी दूर केली. 248 नॅनोमीटर तरंगलांबीचे, सुमारे 20 ते 30 नॅनोसेकंद टिकणारे स्पंद पदार्थाच्या वडीवर पाडले असता पृष्ठभागाचा पातळ थर इतक्या त्वरेने उडतो की घटकांना वेगळे होण्यास अवसरच मिळत नाही. 1987 साली अमेरिकेतील बेलकोर प्रयोगशाळेत टी. वेंकटेशन व त्यांच्या सहकाऱ्यांनी या रीतीने इट्रियम-बेरियम-ताम्र ऑक्साइडाची अतिसंवाहक पटले वाढविली. आपल्याकडे पुणे विद्यापीठात सतीशचंद्र ओगले यांनी व मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील संशोधकांनी ही विद्या रुजविली. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातील पटलसंशोधन मात्र मुख्यतः रासायनिक मार्गांनी वाढले.

आता लोहविद्युत् पदार्थांकडे वळू. (नाव फसवे आहे, त्यांत लोह असावेच लागते असे नाही. लोहचुंबकाशी असलेल्या साम्यावरून ते पडले.) त्यांचे विद्युत् ध्रुवीकरण क्षेत्र काढून घेतल्यावरही टिकते व उलट क्षेत्राने उलटविता येते, म्हणून स्मृतिघटकासाठी त्यांचा उपयोग. परंतु असे पटल प्लॅटिनमच्या विद्युदग्रावर बसविले तर कोट्यवधी उलटापालटींनंतर ते थकते. ऑक्सिजनच्या रिकाम्या जागा सीमेवर साचत जातात, हे त्याचे एक प्रमुख कारण मानले जाते.

येथे अतिसंवाहक स्फटिक उपयोगी पडला. त्याच्या जालकाच्या आडव्या बाजू 3.82 व 3.89 अँगस्ट्रॉम, शिसे-झिर्कोनियम टायटनेटाची, टायटॅनियम अधिक असता, सुमारे 3.95. फरक थोडा, म्हणून वरचा स्फटिक खालच्याच्या घडणीस अनुसरून वाढतो. शिवाय ऑक्साइडाचा विद्युदग्र सीमेवरील ऑक्सिजनची उणीव सामावून घेतो. बेलकोरमध्येच आर. रमेश व सहकाऱ्यांनी 1991 साली अशा जोडपटलांचे वर्णन प्रसिद्ध केले.

कसब मात्र थंड करण्यात आहे. सुमारे 700 अंश सेल्सिअसला वाढविलेला अतिसंवाहक ऑक्सिजनच्या वातावरणात सावकाश निववावा लागतो. रेणुसूत्रातील ऑक्सिजन सातावरून सहावर उतरला तर तो विद्युत्‌रोधक बनतो. वरचे पटल ऑक्सिजनची वाट अडवते, ही आणखी पंचाईत. शिसेही उडू पाहते, म्हणून वडीत ते थोडे अधिक घालतात.

प्रस्तुत लेखकास यातील एक गोष्ट विशेष वाटते. अतिसंवाहकता सुमारे 92 केल्व्हिनखालीच प्रकट होते. खोलीच्या तापमानास चालणाऱ्या स्मृतिघटकात तिचा काहीच वाटा नव्हता. उपयोगी पडली ती जालकाची घडण आणि धातूसारखी वाहकता. म्हणूनच पुढे लँथॅनम-स्ट्राँशियम कोबाल्टेटासारख्या साध्या वाहक ऑक्साइडांनी ती जागा घेतली. अतिसंवाहकतेचा खरा संबंध आला तो निराळ्या प्रयोगात. 1999 साली जिनिव्हा येथील संशोधकांनी अतिशय पातळ अतिसंवाहकावरील लोहविद्युत् पटलाचे ध्रुवीकरण उलटवून त्याचे संक्रमण-तापमान काही केल्व्हिनांनी सरकविले. तेथे पटले वाढविण्याची पद्धत निराळी होती. परंतु सीमा निर्दोष असल्यावाचून तो प्रयोग साधला नसता. लेसरने वाढविलेल्या पटलावर वितळलेल्या कणांचे थेंब उडून बसतात, आणि अशा कामात नेमके तेच नडतात.