लहान खोली, कमी उजेड : कॅमेऱ्याची लेन्स कशी पारखायची?



शेळी घ्यायची तर आपण तिचे दात बघतो, कास बघतो. शिलाई मशीन घ्यायचं तर दुकानातच चार टाके घालून बघतो. गटाचं कर्ज म्हणजे दहाजणींच्या बचतीचा पैसा, तेव्हा वस्तू पारखूनच घ्यायची ही आपली रीत. गेल्या महिन्यात मात्र आमच्या एका गटापुढे अशी मागणी आली, की ती कशी पारखायची हेच कुणाला माहीत नव्हतं.

एका सभासद ताईंच्या मुलीने फोटोग्राफीचा कोर्स केला आहे. मामाकडून तिला एक जुना, रोलचा रेंजफाइंडर कॅमेरा मिळाला. बारसं, डोहाळजेवण, मंगळागौर अशा घरगुती कार्यक्रमांची कामं तिला मिळू लागली आहेत. शहरातली काही गिऱ्हाईकं मुद्दाम रोलवरचे काळे-पांढरे फोटो मागतात. त्यासाठी तिला "फास्ट वाइड लेन्स" हवी, म्हणून ताईंनी अंतर्गत कर्ज मागितलं. मग आम्ही सहयोगिनी आणि गटाच्या अध्यक्ष-सचिव मिळून मुलीसोबत बसलो, तालुक्याच्या स्टुडिओत जाऊन आलो आणि समजून घेतलं. तेच आज तुम्हाला सांगतो.

रेंजफाइंडर म्हणजे काय?

एक डोळा मिटून सुईत दोरा ओवून बघा. दोरा सुईच्या पुढे तरी जातो, नाहीतर मागे तरी. अंतराचा नेमका अंदाज येतो तो दोन डोळ्यांनी. रेंजफाइंडर कॅमेऱ्यालाही असे दोन डोळे असतात, म्हणजे समोरच्या बाजूला दोन छोट्या खिडक्या. मागून डोळा लावला की मधल्या चौकोनात माणसाची दोन चित्रं दिसतात, एकावर एक न बसलेली. लेन्सवरची कडी फिरवत गेलं की ती सरकतात. दोन्ही एकजीव झाली की फोकस लागला.

यातली एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. आपण लेन्समधून बघत नसतो, वेगळ्या खिडकीतून बघत असतो. त्यामुळे लेन्स कुठलीही लावा, खिडकीतला उजेड तेवढाच राहतो आणि अंधारातही फोकस लावता येतो. पण त्याच कारणाने लेन्सचं झाकण काढायचं राहिलं तरी खिडकीत सगळं छान दिसत राहतं! आणि मोठी लेन्स लावली की ती खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात आडवी येते, तेवढा भाग झाकला जातो.

या कॅमेऱ्यांत सगळ्यांत नावाजलेला म्हणजे जर्मनीचा लायका. त्याचं 'एम ३' हे मॉडेल १९५४ साली आलं आणि लेन्स फिरवून अडकवायची त्याची पद्धत आजही चालू आहे. जपानची कोसिना कंपनी १९९९ पासून फोक्टलेंडर या नावाने लेन्स काढते. त्या लायकावर बसतात आणि नव्या लायका लेन्सपेक्षा बऱ्याच स्वस्त पडतात.

आधी खोली मोजा

लेन्सवर ५०, ३५, २८, २१ असे मिलिमीटरचे आकडे असतात. आकडा जितका लहान, तितकी लेन्स रुंद बघते. रुंद बघणारी ती वाइड.

लक्षात ठेवायला सोपा हिशोब आहे. कॅमेरा आडवा धरला तर ३५ ची लेन्स, आपण जितके फूट लांब उभे आहोत जवळपास तितकेच फूट रुंदी घेते. दहा बाय बाराच्या खोलीत भिंतीला पाठ लावून उभं राहिलं, तर समोर बसलेल्या बायका साधारण आठ फुटांवर येतात. तिथून ३५ ची लेन्स आठ फूट रुंदी घेते. मांडी घालून बसलेली बाई दोन फूट जागा घेते असं धरलं, तर चारजणी मावल्या. ५० ची लेन्स सहा फुटांच्या थोडी आतच थांबते, तीनजणी कशाबशा मावतात. २८ ची दहा फूट घेते, पाचजणी.

मग सगळ्यांत रुंद २१ चीच का घेऊ नये? कारण फार रुंद लेन्सने कडेला बसलेल्या माणसाचा चेहरा आणि दंड ताणल्यासारखे दिसतात. कडेची वहिनी आहे त्यापेक्षा दुप्पट जाड दिसली, तर ती फोटो विकत घेईल का? शिवाय बहुतेक रेंजफाइंडरच्या खिडकीत २१ ची चौकट नसते, वर वेगळी खिडकी बसवावी लागते. तो खर्च वेगळा.

चौकटीचं हे ५० सोडून कुठलीही लेन्स घेताना बघायचं. लायका 'एम ३' च्या खिडकीत ३५ ची चौकटच नाही, 'एम २' मध्ये आहे, 'एम ६' मध्ये २८ चीही आहे. म्हणून लेन्सच्या आधी आपल्या कॅमेऱ्याच्या खिडकीत डोळा लावा.

मग उजेड मोजा

आता 'फास्ट' म्हणजे काय? लेन्सच्या आत पात्यांचं एक भोक असतं, त्याला ॲपर्चर म्हणतात. ते जितकं मोठं उघडेल तितका उजेड आत येतो, आणि जास्त उजेड घेणारी लेन्स ती फास्ट. इथे आकडे उलटे चालतात : १.४ चं भोक मोठं, २ चं त्याहून लहान, २.८ चं आणखी लहान. प्रत्येक पायरीला उजेड निम्मा होतो.

रात्री घरातल्या साध्या दिव्यात, ४०० च्या रोलवर फोटो काढायचा असेल, तर १.४ ला शटर सेकंदाच्या साठाव्या भागाइतकं उघडावं लागतं. २ ला तिसाव्या भागाइतकं आणि २.८ ला पंधराव्या. शटर जितका वेळ उघडं, तितका हात हलण्याचा आणि समोरची बाई हलण्याचा धोका. पाळण्यापाशी वाकलेली आत्या तिसाव्या भागाला बरी येते. फुगडी घालणाऱ्या बायका साठाव्यालाही धूसरच येतात.

फ्लॅश का नको, असं बैठकीत विचारलं गेलं. फ्लॅश चमकला की निजलेलं बाळ दचकतं, आणि पुढच्या बाईचा चेहरा पांढराफटक होतो. मागे भिंतीला टेकून बसलेल्या आजी, स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिलेल्या जावा-नणंदा अंधारात जातात. घरातले जुने आल्बम काढून बघा. ज्यांनी पहाटेपासून राबून जेवण रांधलं, त्या किती फोटोंत ओळखू येतात? खोलीतल्या आहे त्या उजेडात फोटो काढता आला, तर त्याही दिसतात. मुलीचा हा मुद्दा सगळ्यांना पटला.

मग १.४ चीच घ्यायची का?

इथे खरी पारख आहे. भोक मोठं केलं की उजेड वाढतो, पण स्पष्ट दिसणारी खोली कमी होते. साडेसहा फुटांवर फोकस लावला, तर ३५ च्या लेन्सने १.४ ला पुढून मागे वीतभर आणि वर दोन बोटं एवढाच भाग स्पष्ट येतो. २ ला तो साधारण सव्वा फूट होतो. २८ च्या लेन्सने २ ला दोन फूट. आत्या आणि पाळण्यातलं बाळ यांच्या चेहऱ्यांत फूटभर अंतर असतं. १.४ ला दोघांपैकी एकच स्पष्ट येईल.

आणखी तीन गोष्टी. १.४ ची लेन्स बहुधा जास्त महाग आणि जड, आणि खिडकीतही जास्त आडवी येते. जुन्या १.४ च्या लेन्समध्ये समोर दिवा आला, की त्याभोवती धुकं पसरल्यासारखं दिसतं. आणि काही फास्ट लेन्समध्ये भोक थोडं लहान केलं की फोकस जागेवरून सरकतो. रेंजफाइंडरच्या खिडकीत तो सरकलेला दिसत नाही, रोल धुऊन आल्यावरच कळतं.

२ च्या लेन्सला उजेड कमी पडला तर एक उपाय आहे. ४०० चा रोल ८०० चा समजून वापरायचा आणि लॅबला तसं सांगायचं. लॅबवाले रोल जास्त वेळ धुतात. फोटोत दाणा थोडा जाड येतो, काळ्या-पांढऱ्या फोटोत तो खपून जातो. पण शटर तिसाव्यावरून साठाव्या भागावर येतं, म्हणजे १.४ चं काम २ मध्ये होतं.

विकत घेण्याआधी

जुनी लेन्स घेणार असाल तर या गोष्टी तपासा. एका बाजूने बॅटरीचा झोत टाकून दुसऱ्या बाजूने आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी. पावसाळी दमट हवेत ती वाढते, अशी लेन्स घेऊ नका. पुढच्या काचेवरचा बारीक ओरखडा एक वेळ चालेल, मागच्या काचेवरचा नको. पात्यांवर तेल आलेलं नसावं. कडी अडखळत फिरू नये.

लेन्स कॅमेऱ्याला लावून एखादा लांबचा मोबाइल टॉवर किंवा देवळाचा कळस बघा. कडी शेवटपर्यंत फिरवल्यावर दोन चित्रं एकावर एक बसायला हवीत. मग एक रोल घालून तीन-चार फुटांवरचा फोटो १.४ किंवा २ ला, नंतर २.८ ला, नंतर ४ ला काढून बघा. फोकस सरकतो का ते त्यातून समजतं.

आट्यांची जुनी लेन्स योग्य कडी लावून नव्या पद्धतीच्या कॅमेऱ्यावर बसते. ती कडी ३५ च्या लेन्ससाठी असेल तर ३५ चीच घ्या, म्हणजे खिडकीत बरोबर चौकट येते. दुसऱ्या जातीच्या कॅमेऱ्याची लेन्स "बसते" म्हणून कुणी गळ्यात मारत असेल, तर ती दोन चित्रं सरकवते का हे आधी बघा. सरकवत नसेल तर फोकस अंदाजानेच लावावा लागेल.

गटाने काय ठरवलं?

बैठकीत स्पष्ट बोलणं झालं. ज्यांना मुळापासून फोटोचा व्यवसाय सुरू करायचा आहे, त्यांनी रेंजफाइंडरच्या वाटेला जाऊ नये. रोलचा आणि धुलाईचा खर्च प्रत्येक कामाला येतो, फोकस हातानेच लावावा लागतो. लग्नाच्या कामाला डिजिटल कॅमेराच बरा. या मुलीकडे कॅमेरा आधीच आहे आणि हातात कामं आहेत, म्हणून विचार झाला.

ठराव असा झाला : लेन्स ३५ ची आणि २ ची घ्यायची. २८ ची तिच्या मनात होती, पण तिची बहुतेक कामं चार-पाचजणींच्या घोळक्याची आणि जवळच्या चेहऱ्यांची. १.४ साठी जो जास्तीचा हप्ता बसला असता, त्यात कितीतरी रोल येतात. दोन दुकानांतून दरपत्रक घ्यायचं, पक्कं बिल घ्यायचं, आणि पहिल्या रोलचे फोटो गटाला दाखवल्यावरच कर्जाचा दुसरा भाग द्यायचा.

मैत्रिणींनो, तुमच्या गटात उद्या कुणी कॅमेऱ्यासाठी कर्ज मागितलं तर हसण्यावारी नेऊ नका, आणि मोठा आकडा ऐकून भुलूही नका. तीन प्रश्न विचारा : काम किती मोठ्या खोलीत आहे? तिथे उजेड किती असतो? आणि एका कामातून रोलचा खर्च वजा जाता हप्त्यापुरते पैसे उरतात का? उत्तरं इतिवृत्तात लिहून ठेवा, मगच सही करा.