नावावरून पत्ता

एखाद्या जुन्या पेठेत जाऊन ‘जोशी कोठे राहतात?’ असे विचारले तर समंजस मनुष्य लगेच बोट दाखवीत नाही, ‘कोणते जोशी?’ असा उलट प्रश्न करतो. आज ज्या विषयाविषयी आम्ही बोलणार आहो, तो वरवर पाहता यंत्राचा आहे; परंतु त्यातील खरी अडचण या जोश्यांचीच आहे.

संगणकाचा प्रोग्रॅम लिहिणारा मनुष्य प्रत्येक वस्तूला नाव देतो: ‘शिल्लक’, ‘व्याज’, ‘क्रमांक’. चालत्या यंत्राला मात्र या नावांशी काही कर्तव्य नसते. त्याला स्मृतीतील जागांचे आकडे तेवढे कळतात. म्हणून प्रोग्रॅमचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या कंपायलरला सांगून एक नोंदवही करून घेता येते: कोणते नाव, कोणत्या फाइलीतले, कोणत्या जातीचे आणि कोणत्या जागी. अशा नोंदलेल्या नावाला सिंबॉल म्हणतात. बिघडलेला प्रोग्रॅम मध्येच थांबवून, ही वही उघडून, आत काय चालले आहे ते दाखविणारे साधन म्हणजे डीबगर. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ साली लिहिलेला ‘जीडीबी’ हा त्यांतला सुप्रसिद्ध होय.

पुष्कळ वर्षे त्याला एकेक आज्ञा हाताने द्यावी लागे, किंवा त्याच्या स्वतःच्या तोकड्या भाषेत. २००९ साली सातव्या आवृत्तीत पायथन भाषेची सोय झाली. पण पायथनला नोंदवही आपोआप वाचता येत नाही. तिच्यासाठी एकेक खिडकी उघडून द्यावी लागते. ही खिडकी बांधणे दिसते सोपे. पायथनकडून नाव घ्यायचे, डीबगरच्या पोटातील शोधयंत्रणेला द्यायचे, सापडलेला सिंबॉल वेष्टनात घालून परत करायचा. न सापडल्यास ‘नन’, म्हणजे काही नाही, असे सांगायचे. आत काही चूक झाली तर ती पायथनच्या रीतीची तक्रार म्हणून बाहेर पडली पाहिजे. स्क्रिप्ट चुकली म्हणून डीबगरच कोसळता कामा नये. शिवाय फाइल पुन्हा वाचली की जुनी वही रद्द होते, तेव्हा हातातला सिंबॉल अजून जिवंत आहे की नाही, हे विचारण्याचीही सोय लागते.

इतके झाल्यावर खरा प्रश्न उरतो: शोधायचे कोठे? ‘लुकअप सिंबॉल’ हे फंक्शन प्रोग्रॅम जेथे थांबला असेल तेथून बाहेर शोधत जाते. प्रोग्रॅम सुरूच नसेल आणि शोधाची जागाही सांगितलेली नसेल, तर ते अडून बसते. ‘लुकअप ग्लोबल सिंबॉल’ केवळ सार्वजनिक नावे पाहते. सी भाषेत ‘स्टॅटिक’ म्हणून राखलेली, एकेका फाइलीची घरगुती नावे त्याला दिसत नाहीत. ही उणीव २०२० साली आलेल्या नवव्या आवृत्तीतील ‘लुकअप स्टॅटिक सिंबॉल’ने भरून काढली.

आणि येथेच जोशी पुन्हा भेटतात. घरगुती नाव दहा फाइलींत दहा वेळा असू शकते. हे फंक्शन मात्र त्यांतले पहिले सापडेल ते एकच देते. आमच्यावर हा प्रसंग आला. ठेवीदारांचे व्याज काढणारा एक प्रोग्रॅम चुकत होता. आमची स्क्रिप्ट ‘काउंट’ हे नाव शोधून त्याची किंमत दाखवी, आणि ती नेहमी शून्य. आम्ही दोन दिवस व्याजाचे गणित तपासले, त्यातले एक निर्दोष वाक्य बदलूनही टाकले. मग उमगले की आम्ही पाहत होतो तो ‘काउंट’ पासबुक छापणाऱ्या फाइलीतला होता! उत्तर खोटे नव्हते. दुसऱ्याच प्रश्नाचे होते. काही न सापडते तर आम्ही सावध झालो असतो.

म्हणून आम्हांला त्याच्याच अनेकवचनी भावंडाचे, ‘लुकअप स्टॅटिक सिंबॉल्स’चे, मोल अधिक वाटते. ते त्या नावाचे जितके सिंबॉल असतील तितक्यांची यादी देते. एकही नसल्यास यादी रिकामी. वापरणाऱ्याला थोडे अधिक लिहावे लागते खरे, आणि आळशी मनुष्य यादीतला पहिलाच उचलील हेही खरे. पण निदान ती निवड त्याची स्वतःची असते. आमची स्क्रिप्ट आता यादीत एकाहून अधिक नावे दिसली की प्रत्येकाची फाइल व ओळ छापते, आणि ‘कोणता काउंट?’ असे विचारून थांबते.