चेंडू हाताचा, पण जोर पायाचा

ज्वारी हुरड्यावर आली की माळ्यावर उभा राहून गोफण फिरवणारा राखणदार आपल्यातल्या पुष्कळांनी पाहिला असेल. ताकद हाताची दिसते; पण पाय डळमळला की गुंडा भलतीकडेच जातो. सॉफ्टबॉलमध्ये चेंडू टाकणाऱ्या मुलीचे, म्हणजे पिचरचे, कामही असेच आहे. तिचा हात खांद्याभोवती गोफणीसारखा गोल फिरतो आणि चेंडू मांडीजवळून सुटतो.

हा खेळ आपल्याकडे शालेय स्पर्धांत आहे. खेड्यातल्या मुलीही तालुक्याला, जिल्ह्याला खेळायला जातात. तिथे एक प्रकार नेहमी घडतो. चेंडू वेगात जातो, नेमका जातो, घरची माणसे टाळ्या वाजवतात; आणि पंच तो बेकायदा ठरवतात. समोरच्या मुलीच्या खात्यावर एक ‘बॉल’ जमा होतो. असे चार झाले की तिला पहिला बेस फुकट मिळतो. मग आपली पोर रडकुंडीला येते. “माझं काय चुकलं?” बहुतेक वेळा चूक हाताची नसते, पायाची असते.

नियम काय सांगतो?

पिचर ज्या पट्टीवर उभी राहते ती २४ इंच लांब आणि ६ इंच रुंद असते. मोठ्या महिलांच्या सामन्यात ती होमप्लेटपासून ४३ फुटांवर असते. उजव्या हाताने टाकणारीचा उजवा पाय हा आधाराचा पाय. तो पट्टीला टेकलेलाच हवा. डावा पाय पट्टीवर किंवा तिच्या मागे, पण २४ इंचांच्या लांबीबाहेर नको. काही नियमपुस्तके दोन्ही पाय पट्टीवरच मागतात. म्हणून स्पर्धेपूर्वी गुरुजींना विचारून घ्यावे. दोन्ही हात चेंडूवर जुळवून क्षणभर स्थिर राहायचे आणि मग पुढे एकच पाऊल टाकायचे, तेही त्याच २४ इंचांच्या पट्ट्यात.

आता मुख्य चूक. जोर मिळावा म्हणून मुली आधाराचा पाय उचलतात, पट्टीपुढे पुन्हा रोवतात आणि तिथून दुसरा रेटा घेतात. म्हणजे अंतर चोरले! हे चालत नाही. पूर्वी दोन्ही पाय एकाच वेळी हवेत जाणेही महिलांना मना होते. अलीकडे ही अट सैल झाली आहे. अमेरिकेतल्या शाळांनी २०२४ च्या हंगामापासून ती सोडली. पण पाय पुन्हा रोवून रेटा घेणे आजही बेकायदाच आहे.

पाय कसा ठेवावा?

आधाराच्या पायाचा चवडा पट्टीच्या पुढच्या कडेवर ठेवून बोटे किंचित बाहेर वळवावीत. वजन आधी मागे, मग पुढे. पट्टीला रेटा देऊन लांब पाऊल टाकावे. ते साधारण आपल्या उंचीइतके पडले तर चांगले. पुढचा पाय सरळ समोर न रोखता थोडा तिरका टेकवावा आणि गुडघा किंचित वाकलेला ठेवावा, म्हणजे कमरेला वळायला जागा मिळते. मागचा पाय अंगठ्याच्या बाजूने जमिनीवर घासत पुढे यावा. बूट तिथेच आधी झिजतो. चांभाराकडून चामड्याचा तुकडा लावून घ्यावा.

अंगणातला सराव

याला खर्च नाही. २४ इंचांची फळी जमिनीशी सपाट पुरा आणि तिच्या मधून समोर चुन्याची सरळ रेघ ओढा. पहिले काही दिवस चेंडूशिवाय नुसते पाऊल टाकायला लावा. दहा वेळा झाले की खाली बघा. पाऊल रेघेवर पडले असेल आणि मागच्या पायाची घसट सलग असेल, तर काम बरोबर आहे. घसट मधे तुटून पुढे नवा खळगा दिसला, की समजा पाय पुन्हा रोवला गेला. पेरणीनंतर पाभरीचे तास पाहून हात कुणाचा ते कळते, तसेच हे. माती खोटे सांगत नाही. फळीपुढे पडलेला खळगा मात्र रोज मुरूम घालून ठोकून घ्यावा, नाहीतर घोटा मुरगळतो.

जपानच्या युकिको उएनो हिने २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये दोन दिवसांत ४१३ चेंडू टाकून देशाला सुवर्णपदक मिळवून दिले. २०२१ मध्ये, वयाच्या ३९ व्या वर्षी, टोकियोत ती पुन्हा सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघात होती. नुसत्या हाताच्या बळावर हे होत नाही. आपल्या मुलींनी मात्र आकड्याची बरोबरी करू नये. खांदा किंवा गुडघा दुखू लागला की सराव थांबवावा.

संध्याकाळी धारा काढून झाल्या की दहा मिनिटे लेकीच्या रेघेपाशी उभे राहा. खेळ येत नसला तरी चालेल. पावलाचा ठसा वाचणे शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही.