संगणकाची ताकद आता मीटरवर

क्लाउड कॉम्प्युटिंग म्हणजे संगणकाची ताकद आणि साठवणीची जागा विकत न घेता, इंटरनेटवरून लागेल तेवढी वापरणे आणि वापरापुरतेच पैसे देणे. डिजिलॉकरमधली गुणपत्रिका उघडली किंवा फोनमधले फोटो ऑनलाइन साठवले, की ते काम दूरच्या एखाद्या डेटा सेंटरमध्ये होते. अखंड वीजपुरवठा, यंत्रे थंड ठेवण्याची व्यवस्था आणि ऑप्टिकल फायबरच्या जोडण्या असलेल्या या इमारतीत हजारो सर्व्हर रात्रंदिवस चालू असतात.

या बदलाचे मर्म मुंबईच्या कापड गिरण्यांच्या इतिहासातून चांगले उलगडते. एकोणिसाव्या शतकात गिरणी काढायची तर मागांबरोबर बॉयलर, वाफेचे इंजिन आणि धुराडेही उभारावे लागे. कोळशाचा साठा आणि इंजिनाची देखभाल हाही मालकाच्याच डोक्याचा ताप. १९१५ मध्ये टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र सुरू झाले. लोणावळा परिसरातल्या तलावांचे पाणी घाटाखाली आणून तयार केलेली वीज तारांवरून मुंबईच्या गिरण्यांपर्यंत पोहोचली. ऊर्जा निर्माण करण्याचे काम हळूहळू गिरणीच्या आवाराबाहेर गेले.

संगणकाच्या बाबतीतही अशी व्यवस्था शक्य आहे, हा विचार जुना आहे. संगणकसेवा एक दिवस सार्वजनिक सेवेप्रमाणे पुरवली जाईल, असे संगणकशास्त्रज्ञ जॉन मॅकार्थी यांनी १९६१ मध्येच एमआयटी या अमेरिकी संस्थेच्या शताब्दी समारंभात मांडले होते. त्या काळातल्या अवाढव्य मेनफ्रेमचा वेळ अनेकांनी वाटून घेण्याची पद्धत तेव्हा आकाराला येत होती. पुढे यंत्रे स्वस्त झाली, १९८१ मध्ये आयबीएमचा पीसी आला आणि संगणक टेबलावर पोहोचला. कंपन्यांनी आपापल्या इमारतींत सर्व्हर रूम थाटल्या. वर्षातल्या सर्वांत गर्दीच्या दिवसाचा अंदाज बांधून सर्व्हर घेतले जात. इतर दिवशी त्यांची बरीचशी ताकद पडून राही.

यातून वाट काढली ती व्हर्च्युअलायझेशनने. या तंत्रामुळे एकाच सर्व्हरवर अनेक आभासी संगणक चालवता येतात आणि प्रत्येक ग्राहकाचा कारभार वेगळा राहतो. २००६ मध्ये अॅमेझॉनने आधी साठवणुकीची एसथ्री आणि मग आभासी संगणकांची ईसीटू ही सेवा बाजारात आणली. गूगल आणि मायक्रोसॉफ्टही मागोमाग या व्यवसायात उतरले. दहावीच्या निकालाच्या दिवशी काही तासांपुरती संकेतस्थळाची क्षमता अनेक पटींनी वाढवून संध्याकाळी पुन्हा कमी करणे यामुळे शक्य झाले. सर्व्हरसाठी एकदम लागणारे भांडवल महिन्याच्या बिलात बदलले.

या सेवेच्या तीन पातळ्या मानल्या जातात. पहिलीत आभासी यंत्र आणि साठवण मिळते. ऑपरेटिंग सिस्टीमपासून पुढचे सारे ग्राहकाने सांभाळायचे. दुसरीत प्रोग्रॅम चालवण्यासाठी तयार व्यवस्था मिळते आणि ग्राहक फक्त आपला कोड लिहितो. तिसरीत ईमेल किंवा हिशेबाचे सॉफ्टवेअर ब्राउझरमध्ये आयतेच मिळते. पातळी जितकी वरची, तितकी सोय जास्त आणि स्वतःच्या हातातले नियंत्रण कमी.

विजेशी असलेले साम्य मात्र इथे थांबते. एका कंपनीचे युनिट आणि दुसऱ्या कंपनीचे युनिट यांत फरक नसतो. डेटा ज्याचा त्याचाच असतो. तो कुठे आहे आणि कुणाच्या हातात आहे, याला महत्त्व असते. म्हणूनच रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्ये पेमेंट व्यवहारांची माहिती भारतातच साठवण्याचे बंधन घातले, तर वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये संसदेने स्वतंत्र कायदा केला. पुरवठादार बदलणेही सोपे नसते. साठवलेला डेटा बाहेर काढायला अनेकदा वेगळे शुल्क पडते आणि एका सेवेच्या खास सोयी वापरून घडवलेली प्रणाली दुसरीकडे नव्याने बांधावी लागते.

क्लाउडवर ठेवले म्हणजे सुरक्षित झाले, हा समजही महागात पडतो. मार्च २०२१ मध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली आणि दुसरी प्रत अन्यत्र न ठेवलेल्या अनेक ग्राहकांचा डेटा कायमचा गेला.

आयटीतले प्रवाह एकाच दिशेने वाहत नाहीत. फाइल ऑनलाइन साठवून देणारी ड्रॉपबॉक्स ही कंपनी अॅमेझॉनच्या सेवेवर वाढली. पण साठा प्रचंड आणि बऱ्यापैकी स्थिर झाल्यावर तिने २०१६ पर्यंत बहुतांश डेटा स्वतःच्या यंत्रांवर हलवला. कृत्रिम बुद्धिमत्तेने उलट, महागडे जीपीयू (ग्राफिक्स प्रोसेसर) भाड्याने घेण्याची गरज वाढवली आहे. कारखान्यातल्या यंत्राला क्षणात निर्णय हवा असेल, तर प्रक्रिया त्याच्या जवळच करण्याकडे, म्हणजे एज कॉम्प्युटिंगकडे, कल आहे.

त्यामुळे सर्वांना लागू पडेल असे एकच उत्तर नाही. काम कमीजास्त होत असेल, तर भाड्याची ताकद परवडते. वर्षभर सारखाच मोठा भार असेल, तर स्वतःच्या यंत्रांचा हिशेब मांडून पाहावा. छोट्या दुकानदारापासून पतसंस्थेपर्यंत प्रत्येकाने करार करण्याआधी डेटा कुठे राहणार आणि तो परत कसा मिळणार, हे लेखी विचारून घ्यावे आणि महत्त्वाच्या कागदपत्रांची एक प्रत दुसरीकडे ठेवावीच.