शब्दांची कुळकथा : डळमळीत

मागच्या भागात ‘अढळ’ हा शब्द पाहिला. ध्रुवाला मिळाले ते अढळपद, म्हणजे जिथून ढळायचे नाही असे स्थान. या आठवड्यात त्याच्या विरुद्ध टोकाचा शब्द, आणि तो समजून घ्यायला पाचगणीसारखे ठिकाण नाही.

वाईहून पसरणीचा घाट चढून आलेला प्रवासी पाचगणीच्या टेबललँडवर पाय ठेवतो तेव्हा त्याला सगळेच भक्कम वाटते. समुद्रसपाटीपासून सुमारे तेराशे मीटर उंचीवर जांभ्याचे सपाट, विस्तीर्ण पठार. पण हेच पठार कड्याच्या खालून पाहावे. वर टणक जांभा आणि त्याच्या खाली बेसाल्ट कुजून झालेली मऊ, फिकट माती. पावसाचे पाणी जांभ्याच्या छिद्रांतून झिरपते आणि खालची माती थोडी थोडी धुऊन नेते. आधार सुटला की वरच्या खडकाला भेगा पडतात आणि मोठमोठे धोंडे उतारावर कलतात. पठाराच्या दक्षिणेची ‘डेव्हिल्स किचन’ ही गुहा जांभ्याच्या पोटातच आहे. 

अशा आधार सुटलेल्या खडकाला ‘अस्थिर’ म्हणता येते. तो शब्द संस्कृतातल्या ‘स्था’ धातूचा. उभे राहणे हा त्याचा अर्थ. त्याच धातूपासून स्थान, स्थापना, ठाणे, अगदी ‘उठणे’सुद्धा आले. जमीनजुमल्याला ‘स्थावर’ म्हणतात तेही त्यामुळेच. इंग्रजीतला ‘स्टेबल’ याच आदिम मुळाचा दूरचा भाऊबंद. मात्र ‘अस्थिर’ एवढेच सांगतो की स्थैर्य नाही. हालचाल कशी होते, हे त्यात येत नाही.

ते ‘डळमळीत’मध्ये येते.

डळमळ, खळबळ, तळमळ, मळमळ, चळवळ, वळवळ. या शब्दांत ‘ळ’ दोनदा येतो आणि सगळ्यांच्या अर्थात हालचाल किंवा अस्वस्थता आहे. ‘चळवळ’मधला ‘चळ’ संस्कृत ‘चल्’पासून आला, हे स्पष्ट दिसते. ‘डळमळ’ मात्र कानाने घडवलेला शब्द वाटतो. उच्चारतानाच जीभ इकडून तिकडे जाते.

बोलणाऱ्यांनी हलण्याच्या अशा शब्दांत कामे नीट वाटून दिली आहेत. एक पाय आखूड असलेले टेबल डुगडुगते, पण पडत नाही. सांधे सैल झालेली खुर्ची खिळखिळी होते. भीतीने पाय लटपटतात. निर्धाराचा माणूस डगमगत नाही. डळमळते ते मुळातून: पाया, सिंहासन, सरकार, विश्वास. हा भेद मराठीची खरी श्रीमंती आहे, आणि बातम्यांत प्रत्येक ठिकाणी ‘अस्थिर’ लिहून आपण तो हातचा घालवतो.

पाचगणीच्या सातारा जिल्ह्याने ‘स्थिर’ शब्दाचीही परीक्षा पाहिली आहे. दख्खनचा हा भूभाग भूकंपाच्या दृष्टीने शांत समजला जात होता. 11 डिसेंबर 1967 रोजी पहाटे कोयनेला मोठा धक्का बसला, सुमारे 180 माणसे दगावली आणि ती समजूत मोडली. कोयना नदी उगम पावते महाबळेश्वरला, पाचगणीपासून काही कोसांवर. कोयना धरणामागे साठलेल्या पाण्याचा या भूकंपाशी असलेला संबंध जगभरच्या भूशास्त्रज्ञांनी अभ्यासला. पुढे जुलै 2021 च्या अतिवृष्टीत याच जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडी कोसळल्या आणि माणसे गाडली गेली. दरड एकाएकी कोसळलेली दिसते. पण तिच्या खालची माती भिजत, सैल होत आधीपासून डळमळीत झालेली असते.

म्हणून पावसाळ्यात पाचगणीला जाणाऱ्यांना एवढीच विनंती: टेबललँडच्या कडेला, फोटोसाठीसुद्धा, टोकावर उभे राहू नका. पायाखालचा जांभा टणक असतो, त्याखालची माती नसते.