भाग ४१ : जुन्या गाडीचा हीटर फॅन बंद पडतो तेव्हा

ज्यांना हेडफोन लावायला वेळ मिळाला नाही, त्यांच्यासाठी या भागाचं लेखी रूप. बोललो तसंच ठेवलंय, फक्त माझे "अं... म्हणजे" तेवढे काढून टाकलेत.

आजचा विषय ऐकून पुण्या-मुंबईतले काहीजण हसतील. गाडीत हीटर? आपल्याकडे एसी बंद पडला तर बोंब होते! पण मी राहतो इंग्लंडच्या मिडलंड्समध्ये, आणि माझ्याकडे आहे १९७२ सालची एमजीबी. ही दोन दारांची छोटी स्पोर्ट्स कार १९६२ ते १९८० या काळात ॲबिंग्डनच्या कारखान्यात बनली. सुरुवातीच्या गाड्यांना तर हीटरसाठी वेगळे पैसे मोजावे लागायचे.

तर झालं असं. जानेवारी महिना, संध्याकाळचे पाच, बाहेर काळोख आणि पाऊस. आई साताऱ्याहून आलेली, शेजारच्या सीटवर बसलेली. सिग्नलला थांबलो आणि अर्ध्या मिनिटात समोरच्या काचेवर वाफ धरली. हीटरचं बटण दाबलं. काहीच नाही. आईने पर्समधला रुमाल काढला आणि काच पुसायला लागली. "अरे, तुला दिसतंय का काही?" खरं सांगू? नव्हतं दिसत. समोरून सायकलवाला गेला, तो मला अगदी शेवटच्या क्षणी दिसला. पुढच्याच वळणावर गाडी बाजूला घेतली आणि काच खाली करून, कुडकुडत घरी आलो.

इथल्या हायवे कोडचा नियम २२९ सांगतो की निघण्याआधी काचा स्वच्छ हव्यात, वाफ पूर्ण गेलेली हवी. म्हणजे हा फॅन चैनीची गोष्ट नाही. तो तुमचे डोळे आहे.

फॅन नक्की करतो काय?

शून्य अंश तापमानाला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त ५ ग्रॅमच्या आसपास बाष्प मावतं. २० अंशाला साधारण १७ ग्रॅम. आपल्या श्वासाने गाडीतली हवा दमट होते, ती थंड काचेला टेकली की जास्तीचं पाणी काचेवर बसतं. हीटर बाहेरची थंड हवा घेतो, इंजिनच्या गरम पाण्यावरून फिरवतो आणि काचेवर सोडतो. गरम झालेल्या या हवेत आणखी बाष्पाला भरपूर जागा असते, म्हणून ती काच कोरडी करते.

एमजीबीत ही हवा काचेसमोरच्या जाळीतून आत येते. गाडी वेगात असेल तर वाऱ्याच्या जोरावर ती आपोआप ढकलली जाते. म्हणून मोठ्या रस्त्यावर माझी काच ठीक असायची आणि सिग्नलला धुरकट व्हायची. हीच पहिली खूण होती. गरम पाणी येतंय, फॅन फिरत नाहीये.

आता माझा गाढवपणा ऐका

दुसऱ्या दिवशी मीटर घेऊन बॉनेट उघडलं. फॅनच्या मोटरला दोन वायर येतात. एक हिरवी, पिवळ्या रेघेची, स्विचकडून वीज आणणारी. दुसरी काळी, म्हणजे अर्थिंग. मी मीटरचं एक टोक हिरव्या-पिवळ्या वायरला आणि दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला लावलं. बारा व्होल्ट! मनात म्हटलं, वीज येतेय, म्हणजे मोटर मेली. लगेच फोन काढला आणि नवी मोटर मागवली.

शेजारी एक निवृत्त मेकॅनिक राहतात. त्यांनी एकच प्रश्न विचारला: "वीज येते ते मोजलंस. परत जाते का, ते मोजलंस?"

मंडळी, या भागातून एवढंच लक्षात ठेवलंत तरी चालेल. विजेला जायला वाट लागते, तशी परतायलाही लागते. जुन्या गाडीत परतीची वाट म्हणजे गाडीची बॉडी. पन्नास वर्षांत जोडांवर गंज आणि मळ चढतो, आणि त्याचा रोध वाढतो.

समजा मोटरचा रोध ३ ओहम आहे आणि गंजलेल्या जोडाचा २ ओहम. बारा व्होल्टपैकी ४.८ व्होल्ट त्या जोडातच खर्च होणार. मोटरला उरले ७.२. ती हळू फिरेल किंवा नुसती गुरगुरेल.

तपासायचा क्रम

१. आधी फ्यूज. एमजीबीत फॅन ज्या फ्यूजवर आहे, त्याच फ्यूजवर इंडिकेटर आणि ब्रेक लाइटही आहेत. ते लागत असतील तर फ्यूज शाबूत. फ्यूज धरणाऱ्या चिमट्या मात्र पॉलिश पेपरने घासा. फ्यूज उडत असेल तर जास्त अँपिअरचा किंवा तार गुंडाळून लावू नका. त्याने आग लागते.

२. मग स्विच. चालू केल्यावर पलीकडच्या टोकाला वीज येते का बघा.

३. मग अर्थिंग. मोटर जोडलेली ठेवा, स्विच चालू ठेवा. मीटरचं एक टोक मोटरच्या काळ्या वायरला, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला. आकडा शून्याच्या जवळ हवा. माझ्याकडे नऊच्या वर दाखवत होता! (१९६७ पर्यंतच्या एमजीबीत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला असतं, तिथे उलटं मोजा.)

४. हे सगळं ठीक असेल तरच मोटर. बॅटरीची वायर सोडा, इंजिन गार होऊ द्या, तीन स्क्रू काढा आणि पंख्यासकट मोटर बाहेर घ्या. पंखा हाताने सहज फिरतो का? आतले कार्बन ब्रश झिजलेत का?

मी काळ्या वायरचा जोड उघडला. आत हिरवट भुकटी. ती घासून तांबं चकचकीत केलं, वायर बॉडीला जिथे धरली होती तिथला गंज काढला, बोल्ट घट्ट केला. स्विच दाबला. फॅन फिरला! थोडा किरकिरत होता, म्हणून मोटर काढून कार्बनची काजळी पुसली आणि बुशला तेलाचा एक थेंब दिला. एकच थेंब बरं का, जास्त दिलं तर ते ब्रशवर जातं.

एकूण खर्च, एक पॉलिश पेपर. नवी मोटर परत पाठवली, पाठवणीचे पैसे माझ्या खिशातून गेले.

तुमच्या घरी आजोबांची फियाट असेल, अँबॅसिडर असेल, तरी वायपर असो की हॉर्न, क्रम हाच. आधी जाणारी वाट, मग येणारी वाट, आणि सर्वात शेवटी वस्तूवर संशय.

आई परत जायच्या आदल्या दिवशी पुन्हा पाऊस होता. त्याच सिग्नलला थांबलो. तिने सवयीने रुमाल काढला, काचेकडे बघितलं आणि परत पर्समध्ये ठेवला. काही बोलली नाही. मीही नाही.

पुढच्या भागात, फॅन फिरतोय पण हवा गारच येतेय, तर गरम पाण्याचा व्हॉल्व्ह कसा बघायचा ते बोलू. तोवर काचा पुसून निघा. भेटू!