घाटातल्या वळणाचं गणित

आंबेनळी घाटात महाबळेश्वरहून पोलादपूरकडे उतरताना मोटारसायकल आपोआप कलते, असं वाटतं. प्रत्यक्षात डावीकडे वळताना आपण हँडलची डावी मूठ किंचित पुढे ढकलतो. चाक क्षणभर उजवीकडे वळतं आणि गाडी डावीकडे झुकते. सांगूनही हे अनेकांना पटत नाही, हात मात्र बिनचूक करतात.

किती झुकायचं हे ठरवतात वेग आणि वळणाची त्रिज्या. गाडीच्या वजनाचा त्यात जवळपास संबंध नाही. २० मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी ३६ किलोमीटरला साधारण २७ अंश पुरतात. वेग दीडपट, म्हणजे ताशी ५४ केला की लागणारं बल सव्वादोनपट होतं आणि कल ४९ अंशांवर जातो. एवढी पकड कोरड्या डांबरावरही सहसा मिळत नाही. पावसात, शेवाळावर किंवा बारीक खडीवर तर विषयच संपला.

त्यात घाबरून ब्रेक दाबला तर आणखी पंचाईत. टायरची पकड मर्यादित. ती वळण्यात खर्च झाली की थांबायला फारशी उरत नाही. म्हणून वेग कमी करायचा तो वळणाआधी. उतारावर गिअर खालचा असला की इंजिनही गाडी आवरतं. न्यूट्रलमध्ये उतरून पेट्रोल वाचवणाऱ्या महाभागांचे ब्रेक मात्र तापत जातात आणि ऐन वळणावर दगा देऊ शकतात.